वेंगुर्ल्याच्या पडक्या डच वखारीशी बेळगावकरांचा काय संबंध?

संबंध जवळचा आहे. १७ व्या शतकात डचांनी उभारलेली ही समुद्राजवळची वखार आज छप्पर गेलेल्या भिंतींपुरती उरली असली, तरी रामघाटाने आणि पुढे आंबोली घाटाने बेळगावचा माल ज्या बंदरावर उतरत असे, आणि १८१२ मध्ये इंग्रजांकडे गेल्यानंतर बेळगावच्या छावणीला ज्याचा मोठा उपयोग झाला, त्या बंदराची ती सर्वांत जुनी खूण म्हणावी लागेल. गोव्यातील मुरगाव बंदराची रेल्वे आली आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. तरीही सुटीत आमच्याकडची कुटुंबे त्याच किनाऱ्यावर जातात. वखारीकडे मात्र क्वचितच कोणी वळते, याचे मला मनापासून वाईट वाटते. भिंतींत रुजणारी झाडे वेळीच काढावीत आणि मराठीबरोबर कन्नडमध्येही माहितीफलक लावावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.