तरुण तारे आणि त्यांच्या भोवतीची धूळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काही खगोलशास्त्रज्ञ आयुष्यभर तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीवर संशोधन करतात असं वाचलं. धुळीत अभ्यास करण्यासारखं एवढं काय असतं? आणि इतक्या लांबून ती दिसते तरी कशी?

उत्तर : नव्या ताऱ्याभोवती जी चकती फिरत असते ना, त्यात वजनाने साधारण ९९ टक्के गॅसच असतो, धूळ जेमतेम एक टक्का. पण पृथ्वीसारखे खडकाळ ग्रह बनतात ते या एक टक्क्यातूनच, म्हणून सगळी धडपड. कण सुरुवातीला अगदीच बारीक, धुरातल्या कणांएवढे म्हणा, सिलिकेट आणि कार्बनचे, आणि ताऱ्यापासून लांब थंडीत त्यांच्यावर बर्फाचा थर.

आता दिसते कशी. धूळ ताऱ्याचा प्रकाश शोषते, थोडी गरम होते आणि ती उष्णता इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, बाहेर टाकते. म्हणजे तारा इन्फ्रारेडमध्ये हिशोबापेक्षा जास्त उजळ दिसला की समजायचं, आजूबाजूला काहीतरी आहे. याचा शोध कसा लागला ते तर मला फारच आवडतं. १९८३ मध्ये आयरस नावाचा इन्फ्रारेड उपग्रह सोडला होता आणि त्याची उपकरणं नीट मोजतायत का हे तपासायला अभिजित तारा घेतला, कारण तो साधासरळ, भरवशाचा तारा, सगळेच त्याच्यावरून मोजमाप लावायचे. तर तोच हिशोबाबाहेर निघाला! ऑमन आणि जिलेट या खगोलशास्त्रज्ञांनी आधी उपकरणाचीच चूक असेल का हे तपासून बघितलं, पण नाही, अभिजितभोवती खरंच धूळ होती.

आणि खरी गंमत इथून पुढे आहे. अभिजित काही नवजात नाही, त्याचं वय साधारण ४५ कोटी वर्षं आहे. जन्माच्या वेळची चकती एवढी टिकतच नाही, गॅस साधारण एक कोटी वर्षांच्या आतच संपतो, मग अगदी बारीक धूळ ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानेच बाहेर फेकली जाते आणि त्याहून जरा मोठे कण हळूहळू गोल फिरत ताऱ्याकडे ओढले जातात. मग आज दिसतेय ती धूळ आली कुठून? तर तिथे लघुग्रह, धूमकेतू असले मोठे दगड एकमेकांवर आपटतायत आणि त्यांचा चुरा होतोय, म्हणजे ही धूळ जुनी उरलेली नाही, ताजी आहे. त्यामुळे कुठल्याही ताऱ्याभोवती धूळ सापडली की पहिला प्रश्न विचारायचा, ताऱ्याचं वय काय? लाखांत असेल तर ग्रह बनायचा कच्चा माल, कोट्यवधींत असेल तर बहुतेक टकरींचा चुरा. बीटा पिक्टोरिसची चकती १९८४ मध्ये स्मिथ आणि टेराइल यांनी प्रत्यक्ष फोटोत पकडली, तो तारा साधारण दोन कोटी वर्षांचा, म्हणजे दुसऱ्या प्रकारातला.

प्रश्न : ताऱ्याभोवती कड्याकड्यांची चकती असलेला फोटो खूप फिरतो. त्यातल्या काळ्या फटींमध्ये ग्रह आहेत हे नक्की का?

उत्तर : तो फोटो बहुधा एचएल टॉरी या ताऱ्याचा, वृषभ राशीतला, सुमारे ४५० प्रकाशवर्षं लांब. चिलीच्या वाळवंटात ५,००० मीटर उंचीवर आल्मा नावाच्या ६६ अँटेना आहेत, त्यांनी २०१४ मध्ये काढला. ग्रह असतील हा अंदाज चांगला आहे, पण मथळ्यांमध्ये तो नेहमीच पक्का करून टाकतात ते मला पटत नाही. चकतीतला गॅस धुळीपेक्षा किंचित हळू फिरतो, त्यामुळे धुळीला सतत समोरून वारा लागतो आणि ती आत सरकत जाते, पण जिथे गॅसचा दाब वाढलेला असेल तिथे अडकते. झालं कडं तयार! तो दाब ग्रहामुळे वाढू शकतो, तसा इतर कारणांनीही वाढू शकतो.

पीडीएस ७० या ताऱ्याबाबत मात्र शंका नको. तिथे २०१८ मध्ये फटीत ग्रह प्रत्यक्ष दिसला, पुढच्या वर्षी दुसराही. याउलट फोमलहॉट ताऱ्याजवळ २००८ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीच्या फोटोंवरून ग्रह जाहीर झाला, आणि तो ठिपका पुढे पसरत पसरत दिसेनासाच झाला. आज बहुतेकांचं मत असं की तो टकरीतून उडालेल्या धुळीचा ढग होता.

प्रश्न : घरच्या दुर्बिणीतून यातलं काही दिसेल का?

उत्तर : चकत्या नाही दिसणार, तारे दिसतील. अभिजित तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. पण आपल्याच सूर्याभोवतीची धूळ मात्र बघता येते आणि त्याला दुर्बीणही नको. उत्तर गोलार्धात असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये संधिप्रकाश पूर्ण संपल्यावर पश्चिमेला, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहाट फुटायच्या आधी पूर्वेला एक फिकट तिरका त्रिकोण वर चढलेला दिसतो, त्याला झोडिॲकल लाइट म्हणतात. चंद्र नसलेली रात्र निवडा आणि दिव्यांपासून बरंच लांब जा, नाहीतर काहीच दिसणार नाही.