गावात कळलं तर धंदा बसेल का?

मुलगा समलिंगी आहे हे कळल्यावर आईबाप माझ्याकडे सल्ल्याला येतात तेव्हा आधी आजाराचं विचारतात. खरी काळजी मागाहून निघते : गावात कळलं तर दुकान चालेल का, मुलीचं लग्न जमेल का? ही काळजी मी इतक्यांदा ऐकली आहे की एका बापाची गोष्ट, ओळख बदलून, सांगावीशी वाटते. यवतमाळ जिल्ह्यात त्यांचं कृषी केंद्र आहे.

"मॅडम, पोराले काही दवा असन तर द्या."

दवा नाही, कारण हा आजारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. ते मान हलवत राहिले. टाटा स्टीलने २०१९ पासून कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांनाही सवलती दिल्या, हे सांगितल्यावर मात्र त्यांच्यातला व्यापारी जागा झाला.

"टाटाची गोष्ट येगळी. माह्यं गिऱ्हाईक तुटन."

पुढच्या भेटीला मी त्यांना उधारीची वही आणायला सांगितली. एकेका नावावर बोट ठेवून विचारत गेले, हा येणं सोडेल?

"थो कशाले सोडन? बोंडअळीच्या साली मीच त्याले सांभाळलं."

"आणि हे?"

"ह्याच्या बायकोले रात्री दवाखान्यात मीच नेलं व्हतं."

पानं उलटत गेली. एका नावापाशी ते थांबले. थोरला भाऊ. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्याच्यासमोर मी आजवर नाही म्हटलं नाही, मॅडम."

इतकी वर्षं छळणारं गाव एका माणसाएवढं होतं. माझी धारणा अनुभवाने पक्की झाली आहे : 'सगळ्यांनी मला मानलंच पाहिजे' हा हट्ट माणसाला जेवढा पिळतो तेवढं गाव पिळत नाही. भीतीला नावं घ्यायला लावली की ती आटोपशीर होते. वहीची ही युक्ती मी नंतर अनेक घरांत वापरली, आणि ती क्वचितच वाया गेली.

पाठिंबा मिळवायला निघालेल्या पालकांना माझं सांगणं असं. आधी मुलाची परवानगी. कोणाला, कधी सांगायचं हे त्यानेच ठरवायचं. गावात फुटलेली बातमी परत घेता येत नाही. मग ज्यांचा शब्द चार लोक ऐकतात अशा एकदोघांना गाठा : आशाताई, निवृत्त गुरुजी, व्यापारी मित्र. चौकात वाद नको, घरी बसून बोला. मुलाचा विषय न काढताही बाजू घेता येते. दुकानदाराने कामावर ठेवताना चालण्याबोलण्यावरून कोणाला नाकारू नये, काउंटरवर टिंगल खपवून घेऊ नये. आणि 'लग्न लावलं की सुधारेल' म्हणून एखाद्या मुलीचा बळी मुळीच देऊ नका. हे मी हात जोडून सांगते.

मुलाच्या होकाराने ते भावाशी बोलले. भाऊ अजून घरी येत नाही. जूनमध्ये बियाण्याची गर्दी मात्र नेहमीसारखीच होती. त्या गर्दीत कोणीतरी एका पोराच्या चालण्यावर टोमणा मारला, तेव्हा यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "माह्या दुकानात असं बोलाचं नाही." टोमणा मारणारा बियाणं घेऊनच गेला.