वाचकांचे प्रश्न : जलाशयाची फेरी आणि डोंगराची चढण

जलाशयाच्या काठाने फिरणाऱ्या आणि तिथूनच डोंगरावर चढणाऱ्या सायकलवाटांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही येथे घेतले आहेत.

प्रश्न : जलाशयाभोवतीची 22 किलोमीटरची फेरी आणि तिला लागूनच असलेली डोंगरमाथ्यापर्यंतची 9 किलोमीटरची वाट एकाच दिवशी करण्याचा आमच्या गटाचा विचार आहे. सपाट रस्त्यावर आम्ही 40 किलोमीटर सहज जातो, त्यामुळे हे अंतर जड जाणार नाही, असे काहींचे म्हणणे आहे. ते योग्य आहे का? आणि आधी काय करावे, फेरी की डोंगर?

उत्तर : अशा वाटांचा अंदाज किलोमीटरवरून बांधू नये. एकूण किती मीटर चढावे लागणार आहे आणि वाटेचा पृष्ठभाग कसा आहे, या दोन गोष्टींवरून तो बांधावा. आपल्या डोंगराचा माथा पायथ्यापासून 600 मीटर उंच आहे असे धरू. स्वार, सायकल आणि सामान मिळून 85 किलो वजन असेल, तर ते तेवढे वर नेण्यासाठी सुमारे 500 किलोज्यूल कार्य करावे लागते. नियमित सायकल चालवणारी सामान्य व्यक्ती 110 वॉट शक्ती बराच वेळ टिकवू शकते, असे मानले तरी निव्वळ उंची गाठायलाच सव्वा तास लागतो. माती आणि खडी यांवर चाके फिरवण्यात खर्च होणारी शक्ती या हिशेबात नाही. ती आणि विश्रांतीचे थांबे धरून चढणीसाठी दोन तास राखून ठेवावेत. सपाट रस्त्यावरच्या 9 किलोमीटरशी या दोन तासांची तुलना होऊच शकत नाही.

जलाशयाची फेरी दिसते तेवढी सपाट नसते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. धरणामुळे दरी बुडते, तेव्हा तिला मिळणाऱ्या प्रत्येक ओढ्याच्या खोऱ्यातही पाण्याचा फुगवटा शिरतो आणि काठ हाताच्या बोटांसारखा फाटत जातो. वाट प्रत्येक बोटाच्या टोकापर्यंत आत जाते, ओढा ओलांडते आणि मधली डोंगरसोंड चढून पुढच्या ओढ्याकडे उतरते. अशी प्रत्येक सोंड 20 मीटरच चढायची असली, तरी 15 सोंडांत 300 मीटर चढ होतो, म्हणजे आपल्या डोंगराचा निम्मा. म्हणून निघण्यापूर्वी नकाशावरील समउंचीच्या रेषा वाट किती वेळा ओलांडते, ते अवश्य पाहावे.

त्यात भर वाऱ्याची. पाण्यावर झाडांचा किंवा घरांचा अडथळा नसल्याने उघड्या काठावर वारा पूर्ण जोराने लागतो, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ऊन तापल्यावर दरीतले वारे बहुधा डोंगराच्या दिशेने वर वाहू लागतात. त्यामुळे फेरीचा उघडा भाग वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने आधी कापावा आणि परतीला वारा पाठीशी राहील, अशी दिशा निवडावी.

क्रमाबद्दल माझे मत स्पष्ट आहे : डोंगर आधी. दुपारी काठावर वारा अधिक असतो, ही अडचण मला मान्य आहे, पण दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. डोंगर उतरताना मनगटे, बोटे आणि नजर ताजी असावी लागते, कारण दमलेल्या हातांनी उतरताना पडण्याचा धोका वाढतो. शिवाय जलाशयाच्या फेरीला आडवाट नसते. निम्मे अंतर गेल्यावर शक्ती संपली, तर समोर दिसणाऱ्या पलीकडच्या काठावर थेट जाता येत नाही, पुढे जाणे आणि मागे फिरणे सारखेच लांब पडते. डोंगर आधी केल्यास पायथ्याशी परतल्यावर फेरी करायची की सोडायची, याचा निर्णय शांतपणे घेता येतो. सोडावी लागली, तर ती निःसंकोच सोडावी.

प्रश्न : माझ्या सायकलला पुढे सर्वांत लहान 34 दात्यांचे आणि मागे सर्वांत मोठे 28 दात्यांचे चक्र आहे. डोंगरावरच्या कच्च्या चढावर मला दर वेळी उतरून सायकल ढकलावी लागते. माझ्या पायांत ताकद कमी आहे, असे समजायचे का?

उत्तर : मुळीच नाही, दोष गिअरच्या प्रमाणात आहे. आपल्या सर्वांत हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे 2.6 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेऱ्यांच्या लयीत वेग ताशी 9 किलोमीटरच्या पुढे जातो. दर 100 मीटरला 8 मीटर चढणाऱ्या वाटेवर, 85 किलो वजनासह, एवढ्या वेगासाठी 170 वॉटहून अधिक शक्ती सतत लावावी लागते. ती शक्ती नसेल, तर पॅडलची लय मंदावते, गुडघ्यांवर ताण येतो आणि अखेरीस तोल जाऊन पाय टेकावा लागतो. याउलट पुढे 32 आणि मागे 51 दात्यांची चक्रे असलेली डोंगरी सायकल एका फेरीत जेमतेम दीड मीटर सरकते. त्याच लयीत वेग ताशी 5 किलोमीटरच्या आसपास राहतो आणि उंची चढण्यापुरती शक्ती 100 वॉटच्या आत येते. चालण्याच्या वेगाने चढण्यात काहीही कमीपणा नाही. सायकलचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) पेलू शकेल एवढे मोठे मागचे चक्र कारागिराकडून बसवून घेतले, तरी पुष्कळ फरक पडेल.

मऊ किंवा खडीच्या चढावर उभे राहून पॅडल मारण्याचा मोह होतो, पण उभे राहताच मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि ते जागीच फिरू लागते. बसूनच राहावे, सीटवर थोडे पुढे सरकावे, कोपरे वाकवून छाती खाली आणावी, म्हणजे मागचे चाक पकड धरते आणि पुढचे उचलले जात नाही. गिअर चढ सुरू होण्यापूर्वीच बदलावा. चढाच्या मध्यावर, साखळीवर पूर्ण जोर असताना बदलला, तर साखळी अडकते किंवा तुटते.

टायरमध्ये ठासून हवा भरू नये. 2.2 ते 2.4 इंच रुंदीच्या ट्यूबलेस टायरसाठी 75 किलोच्या आसपास वजनाच्या स्वाराला 22 ते 28 पीएसआय दाब सहसा पुरतो. ट्यूब असल्यास तो थोडा वाढवावा, नाही तर दगडावर आपटून ट्यूब रिमखाली चिरडते.

प्रश्न : उतारावर भीती वाटते, म्हणून मी दोन्ही ब्रेक खालपर्यंत हलके दाबून ठेवते. तरीही हात भरून येतात आणि शेवटी ब्रेक लागत नाहीत. पायी चालणारे समोर आले, तर काय करावे, तेही कळत नाही.

उत्तर : भीती स्वाभाविक आहे, मात्र ब्रेक सतत दाबून ठेवण्याची सवय ती वाढवते. ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो, आणि तो अखंड लागलेला राहिला, तर ती उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. 1976 पासून कॅलिफोर्नियाच्या मारिन परगण्यातील काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन एका डोंगरवाटेवरून शर्यती लावत. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असे. एका उतारातच तो इतका तापे की आतले ग्रीस धुरासारखे उडून जाई आणि तुंबा पुन्हा ग्रीसने भरावा लागे. त्यावरून त्या वाटेला ‘रीपॅक’ हे नाव पडले. आजचे डिस्क ब्रेक कितीतरी सक्षम आहेत, पण उष्णतेचा नियम तोच आहे.

म्हणून सरळ पट्ट्यात दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग कमी करावा, मग सोडावेत, सायकल थोडी मोकळी जाऊ द्यावी आणि वळण येण्याच्या आधी पुन्हा दाबावेत. वळणात दाबू नयेत. दोन्ही पॅडल एका पातळीत, टाचा किंचित खाली, नितंब सीटवरून उचललेले आणि कोपरे सैल अशी ठेवण असावी. नजर पुढच्या चाकावर न ठेवता 10 ते 15 मीटर पुढे ठेवावी, कारण हात नजरेमागे जातात. ब्रेकसाठी एकच बोट पुरेल, अशा बेताने लिव्हर जवळ आणून घ्यावा, बाकीची बोटे हॅंडल धरायला मोकळी राहतात. दर काही मिनिटांनी थांबून हात झटकावेत. घाई कसलीच नाही.

चालणाऱ्यांना वाट देण्याची जबाबदारी सायकलस्वाराची आहे, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यावी, असा सर्वमान्य संकेत आहे. दुरूनच आवाज द्यावा, वेग चालण्याइतका करावा, वाट अरुंद असल्यास थांबावे. घोडा समोर आला, तर सायकलवरून उतरून वाटेच्या खालच्या बाजूला उभे राहावे आणि स्वाराशी बोलत राहावे. वरच्या बाजूने अंगावर येणाऱ्या आकाराला घोडा बिचकतो, मानवी आवाज ऐकला की तो सावरतो.

प्रश्न : पाणी आटल्यावर जलाशयाचा तळ उघडा पडतो आणि तो वाळलेला दिसतो. तिथून सायकल चालवली, तर अंतर वाचेल का?

उत्तर : तिथे जाऊ नये. वरचा थर तडकलेला आणि कोरडा असला, तरी त्याखाली साचलेला गाळ ओला असतो आणि चाकासह पायही खोल रुतू शकतो. ओल्या वाटेचेही तसेच आहे : टायरची खोल चाकोरी उमटू लागली की परत फिरावे, कारण पुढच्या पावसाचे पाणी त्याच चाकोरीतून धावते, वाट खणत जाते आणि ती माती जलाशयात उतरते. धरणाची भिंत, सांडवा आणि देखभालीचे रस्ते अनेक ठिकाणी बंद असतात, तर पिण्याच्या पाण्याच्या जलाशयाभोवती काही वाटा केवळ चालणाऱ्यांसाठी राखलेल्या असतात. प्रवेशद्वाराजवळचा फलक वाचूनच वाट निवडावी.