वाचकांचे प्रश्न : कॅम्पर व्हॅनमधील बॅटरी मॉनिटर

प्रश्न : आमच्या कॅम्पर व्हॅनच्या राहण्याच्या भागासाठी १२ व्होल्टची, २०० अँपिअर-तास क्षमतेची लिथियम बॅटरी आहे. तिच्यावरचा व्होल्टमीटर दिवसभर १३.२ दाखवतो आणि एखाद्या रात्री फ्रिज, दिवे, पंप सारे एकदम बंद पडते. आता शंट असलेला बॅटरी मॉनिटर आणला आहे. तो घरच्या घरी बसवता येईल का, आणि बसवताना काय जपावे?

उत्तर : येईल, आणि तुमचा व्होल्टमीटरही बिघडलेला नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी सत्तर टक्के भरलेली असो वा चाळीस टक्के, तिचे व्होल्टेज १३.२च्या आसपासच घुटमळते आणि अगदी शेवटच्या टप्प्यात झपाट्याने कोसळते. त्यामुळे व्होल्टेजवरून शिल्लक ओळखता येत नाही; बॅटरीत किती अँपिअर-तास आले आणि किती गेले याचा जमाखर्चच ठेवावा लागतो. मॉनिटर नेमके तेच करतो.

हा जमाखर्च शंटवर चालतो. शंट म्हणजे ठरावीक, अत्यंत कमी रोध असलेली धातूची जाड पट्टी. तिच्यावर ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्ट असे लिहिलेले असेल, तर ५ अँपिअर घेणारा फ्रिज चालू असताना तिच्या दोन टोकांत अवघ्या अर्ध्या मिलिव्होल्टचा फरक पडतो. एवढ्या सूक्ष्म फरकावर सारे मोजमाप अवलंबून असल्याने, मॉनिटरच्या बारीक तारांसाठी शंटवर वेगळे छोटे स्क्रू दिलेले असतील तर त्या तिथेच लावाव्यात. मोठ्या बोल्टवर केबलच्या लगखाली, म्हणजे तिच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीखाली, दाबू नयेत.

काम सुरू करण्यापूर्वी इन्व्हर्टर आणि इतर उपकरणे बंद करावीत, सोलर पॅनेल चार्ज कंट्रोलरपासून (पॅनेलची वीज नियंत्रित करून बॅटरीत भरणाऱ्या उपकरणापासून) सोडवावे आणि त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण बॅटरी सुटलेली आणि पॅनेल मात्र जोडलेले, अशा अवस्थेत अनेक चार्ज कंट्रोलर बिघडू शकतात. हातातील अंगठी व घड्याळ उतरवून ठेवावे, आणि पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, म्हणजे तो चुकून दोन टोकांवर आडवा पडला तरी ठिणगी उडणार नाही.

आता खरी गोष्ट. शंट बसल्यावर बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एकच केबल उरली पाहिजे, ती म्हणजे शंटच्या बॅटरीकडील बाजूला जाणारी. इन्व्हर्टर, चार्ज कंट्रोलर, गाडीच्या अल्टरनेटरवरून चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर, फ्यूज बॉक्सची निगेटिव्ह पट्टी आणि गाडीच्या बॉडीला जाणारी अर्थची तार, हे सारे शंटच्या दुसऱ्या बाजूला आले पाहिजे. बॉडीची तार हमखास विसरली जाते, आणि मग ज्या उपकरणांचा परतीचा प्रवाह बॉडीतून येतो ती मॉनिटरला दिसतच नाहीत. शंटला वगळून जाणारी एक तार राहिली तरी पडद्यावरचा आकडा रोज थोडाथोडा खोटा होत जातो.

केबलचा लग शंटच्या धातूवर थेट सपाट बसावा. वॉशर लगच्या वर, नटाखाली घालावा, लग आणि शंट यांच्या मध्ये नाही. नट सैल राहिला तर मोठा इन्व्हर्टर चालताना तो सांधा तापतो. मॉनिटरला वीज देणारी पॉझिटिव्ह तार सर्वांत शेवटी जोडावी, आणि तिच्यावरचा लहान फ्यूज बॅटरीजवळच असावा.

प्रश्न : मॉनिटर बसवून आठवडा झाला. चार्ज कंट्रोलर बॅटरी पूर्ण भरल्याचे सांगतो, पण मॉनिटर २० टक्के दाखवतो. आमच्या एका परिचितांकडे नेमके उलटे आहे. जरा ऊन पडले की त्यांचा मॉनिटर १०० टक्क्यांवर उडी मारतो.

उत्तर : तुमच्या बाबतीत चार्ज कंट्रोलरची निगेटिव्ह तार अजून थेट बॅटरीवर असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर खर्च मोजला जातो, पण जमा मोजली जात नाही. बॅटरी थोडी रिकामी असताना, भर उन्हात सगळी उपकरणे बंद करून पाहावे. कंट्रोलर १० अँपिअर देत असेल आणि मॉनिटर शून्याच्या जवळ असेल, तर दोष सापडला. प्रवाह दिसतो पण चार्जिंगच्या वेळी उणे चिन्ह येते, तर शंटच्या दोन बाजूंची अदलाबदल झाली आहे.

तुमच्या परिचितांचा दोष मात्र वायरिंगपेक्षा सेटिंगमध्ये असावा. जमाखर्चातील बारीक चुका साचत जातात, म्हणून बॅटरी पूर्ण भरल्याची खूण पटताच मॉनिटर स्वतःला १०० टक्क्यांवर आणतो. ही खूण दुहेरी असते : व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या वर आणि चार्जिंगचा प्रवाह ठरावीक मर्यादेच्या खाली. व्होल्टेजची मर्यादा १३.२वर ठेवलेली असेल, तर चार्जिंग सुरू होताच लिथियम बॅटरी तिच्या वर जाते. मग एखादा ढग आला, प्रवाह घटला, की मॉनिटरला वाटते बॅटरी भरली. चार्जर १४.२ व्होल्टपर्यंत नेत असेल तर ही मर्यादा १४.० ठेवावी, आणि प्रवाहाची मर्यादा क्षमतेच्या ४ टक्के, म्हणजे २०० अँपिअर-तासांना ८ अँपिअर. क्षमतेचा आकडाही तपासावा, कारण कारखान्यातून येणारे मूल्य तुमच्या बॅटरीचे असेलच असे नाही. त्यानंतर एकदा बॅटरी पूर्ण चार्ज करून द्यावी. तोवरच्या टक्केवारीवर विसंबू नये.

प्रश्न : लिथियम बॅटरीच्या बीएमएसचे (बॅटरीतच बसवलेल्या, तिच्यावर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचे) मोबाइल ॲप टक्केवारी दाखवतेच. मग शंट कशाला?

उत्तर : बॅटरी एकच असेल आणि अंदाज पुरेसा वाटत असेल, तर ॲपवर भागते. मात्र काही बीएमएस अगदी लहान प्रवाह मोजतच नाहीत, आणि बंद वाटणारी उपकरणेही दिवसरात्र थोडी वीज घेत असतात. अर्धा अँपिअर सतत जात राहिला तर चोवीस तासांत १२ अँपिअर-तास कमी होतात. दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या असतील, तर त्यांची एकत्रित शिल्लक एका ठिकाणी दाखवण्यासाठी शंटच सोयीचा पडतो.