विकण्याआधी रोलेक्सला पॉलिश करून घ्यावं का?

नको. आहे तसंच विका.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बाबांनी २००९ साली घेतलेलं स्टीलचं रोलेक्स सबमरिनर, १६६१० मॉडेल. इतकी वर्षं रोज हातात. आता ओरखड्यांनी भरलंय, चावीच्या बाजूच्या एका लगला खोच पडलीय. ठाण्यातला ओळखीचा ज्वेलर म्हणतो, "फुकटात बफ मारून देतो, नव्यासारखं दिसेल." तर भाव वाढेल की पडेल?

वाढणार नाही, हे नक्की. किती पडेल, ते ज्वेलर घड्याळ बफच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर किती वेळ धरतो त्यावर आहे. (लग म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती केसची, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या कवचाची, चार शिंगं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं.)

मी व्यापारी नाही. बँकेतून निवृत्त झालोय, राहायला गिरगावात. वीसेक वर्षं जुनी घड्याळं घेतो आणि विकतो. बायकोच्या मते फक्त घेतो. तिचं फारसं चुकत नाही.

आपली गल्लत होते ती कल्हईमुळे. पाहुणे यायचे म्हटलं की पितळेची भांडी चिंचेने घासायची, स्कूटर विकायची म्हटलं की आधी डेंटिंग-पेंटिंग करायचं. चकचकीत केलं की भाव येतो, हे आपल्या अंगात मुरलंय. पण कल्हई चढते, पॉलिश उतरवतं. ओरखडा म्हणजे धातूत पडलेली चर. पॉलिशवाला ती भरत नाही, आजूबाजूचा धातू चरीच्या तळापर्यंत घासून खाली आणतो. एका खोल ओरखड्यापायी अख्खा पृष्ठभाग खाली उतरतो. झवेरी बाजारात झारेकरी दुकानांपुढची धूळ झाडून नेतात ती उगाच नाही; चाकावरून आणि कानशीखालून उडालेलं सोनं त्या धुळीत असतं. तुमच्या घड्याळाचं स्टील कुणी गोळा करणार नाही, पण जातं ते तसंच.

आता घड्याळाचं एक लग खिडकीपाशी नेऊन नीट बघा. वरच्या बाजूला एकाच दिशेने ओढलेल्या बारीक रेघा, म्हणजे सॅटिन फिनिश. बाजूचा भाग आरशासारखा. दोन्ही जिथे भेटतात तिथे एक कड आहे. धड असलेल्या घड्याळात ही कड मुळापासून टोकापर्यंत एका दमात जाते, आणि दोन फिनिश एकमेकांत जराही मिसळत नाहीत. कापडाच्या मऊ चाकाला यातलं काही कळत नाही. ते सपाट भागावर फिरतं आणि कडेला चावतं. आधी रेघा पुसल्या जातात, मग कड. दोन-तीनदा बफ मारला की लग चोखलेल्या लिमलेटच्या गोळीसारखं होतं. चमकतं छान, आकार गेलेला.

घेणारा नेमका तिथेच बघतो. घड्याळ ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू तिरकं करतो आणि नळीचं प्रतिबिंब केसच्या बाजूवरून सरकवतो. ते सरळ सरकलं तर ठीक, लाटेसारखं वाकलं की तो काही बोलत नाही, नुसता "हं" करतो. मग घड्याळ उपडं करून चारही लग सारखी जाड आहेत का बघतो. चावीला जपणारे तिच्या दोन बाजूंचे उंचवटे, म्हणजे गार्ड, एकमेकांशी जुळतात का, तेही. तुमच्या मॉडेलची लगं मुळातच सडपातळ. २०१० साली आलेल्या पुढच्या मॉडेलमध्ये सिरॅमिकच्या बेझलबरोबर (बेझल म्हणजे काचेभोवतीचं फिरतं कडं) ती जाडजूड झाली. म्हणजे आज १६६१० शोधणारा माणूस बहुतेक वेळा त्या जुन्या बांध्यासाठीच येतो. तोच खरवडलेला निघाला तर त्याने पैसे कशाचे द्यायचे? त्याच्या आधीच्या ५५१३ किंवा १६८० या सबमरिनरांच्या लगच्या कडेला तर आणखी एक तिरकी पट्टी कापलेली असायची. कित्येक घड्याळांवरून ती सर्व्हिसिंगमध्येच गेली. जिथे ती शाबूत आहे तिथे संग्राहक वेगळा भाव मोजतात.

हे शहाणपण मी फुकटात मिळवलेलं नाही. माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. १९६६ साली त्याने एडनहून ओमेगा कॉन्स्टेलेशन आणलं होतं. स्टीलची केस, उपड्या परातीसारखी मधे उंच आणि कडेला बारा पैलूंनी उतरणारी डायल. या घड्याळाची खरी गंमत मागे असते. झाकणाच्या मधोमध सोन्याचं छोटं पदक, त्यावर वेधशाळेचा घुमट आणि वर आकाशात आठ तारे. मामाने ते मला दिलं, आणि एकदा पैशांची नड आली तेव्हा मी विकायला काढलं. फोर्टातल्या एका व्यापाऱ्याला फोटो पाठवले, त्याने आकडा सांगितला, शनिवारी घेऊन या म्हणाला.

मी शुक्रवारी काळबादेवीत एका पॉलिशवाल्याकडे गेलो. मनात विचार असा की उद्या हातात घड्याळ देताना जरा बरं दिसावं. तीनशे रुपये, वीस मिनिटं. काम झाल्यावर तोंड दिसत होतं त्यात.

शनिवारी व्यापाऱ्याने घड्याळ हातात घेतलं, भिंग डोळ्याला लावलं, उपडं केलं आणि तारे मोजायला लागला. मोठ्याने. पाचावर थांबला. घुमटाच्या खिडक्याही सपाट झाल्या होत्या; सोनं स्टीलपेक्षा मऊ, चाकापुढे आधी तेच गेलं. "कुणी मारला हो बफ?" मी म्हटलं, मीच. फोटो बघून बोललेल्या आकड्यातला तिसरा हिस्सा त्याने तिथल्या तिथे कापला. वर समजूत घातल्यासारखं म्हणाला, ओरखडे असते तर मी माझ्या माणसाकडून हवे तेवढे काढले असते, तारे कुठून आणू? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि मनगटासकट. मी घड्याळ परत घेऊन आलो. नड दुसऱ्या मार्गाने भागली.

त्याचं ते वाक्य तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ओरखडे असलेलं घड्याळ घेणाऱ्याच्या हातात दोन्ही वाटा असतात. त्याला वाटलं तर तो पॉलिश करेल, नाहीतर ठेवेल. म्हणून ओरखड्यांपोटी तो फार तर चांगल्या पॉलिशच्या खर्चाएवढी घासाघीस करू शकतो. बफ मारलेल्या घड्याळात ती निवड तुम्ही आधीच संपवलेली असते. शिवाय संशय येतो तो वेगळाच: एवढं चकचकीत का केलंय, काय लपवताय?

मुंबईच्या घड्याळाला हा संशय जरा जास्तच चिकटतो. परदेशातल्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत "मुंबई स्पेशल" हा शब्द रूढ आहे आणि तो कौतुकाने वापरत नाहीत. जुनं एचएमटी, फाव्हर-लुबा किंवा सेइको उचलायचं, केसला बफ मारायचा, डायल भडक रंगात नव्याने रंगवायची, सुट्या भागांची मोट बांधायची आणि ऑनलाइन चढवायचं. फाव्हर-लुबा ही स्विस कंपनी १८६५ पासून इथे घड्याळं विकत होती, तेव्हा आपल्याकडे त्यांची कितीतरी अस्सल घड्याळं कपाटांत पडलेली असणार. पण डायल रंगवलेली निघाली की सगळं मातीमोल. सांगायचा मुद्दा, तुमच्या पत्त्यात मुंबई-ठाणे दिसलं की घेणारा आधीच भिंग काढून बसलेला असतो. त्याला जुनं, प्रामाणिक, बाबांच्या हातावर झिजलेलं घड्याळ दिसू दे.

म्हणजे पॉलिश हे पापच, असंही नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा खरोखर जाणत्या माणसाकडे काम वेगळं होतं. केस पूर्ण उघडून, मशीन बाहेर काढून, सपाट भाग सपाट चकतीवर घासून आणि सॅटिनच्या रेघा मूळ दिशेने पुन्हा ओढून. खोल खड्डा असला तर लेझर वेल्डिंगने तिथे धातू भरतात आणि मग आकार देतात. स्वतः घालायचं असेल, मुलीच्या लग्नात जावयाला द्यायचं असेल, तर असं काम खुशाल करून घ्या. अलीकडच्या, ढिगाने मिळणाऱ्या मॉडेलला एका नीट पॉलिशने भावात फारसा फरक पडत नाही. पण जुनं, कडा-पैलूंचं किंवा मुलामा दिलेलं असेल तर हात लावू नका. १९७२ चं मूळ डिझाइन असलेलं ऑडमार पिगेचं रॉयल ओक तर सगळं कडांवरच उभं आहे. आणि जुन्या स्विस घड्याळांच्या मागे २० मायक्रॉन असं कोरलेलं दिसतं, तो सोन्याच्या मुलाम्याचा थर. म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. त्यावर चाक फिरवलं की खालचं पितळ हसतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासा. बाबांनी घड्याळ कधी कंपनीत पूर्ण सर्व्हिसिंगला दिलं होतं का? तिथे केस आणि पट्ट्याचं पॉलिश सहसा कामातच धरलेलं असतं, नको असेल तर आपण सांगावं लागतं. तेव्हा "कधीच पॉलिश केलेलं नाही" असं ठोकून देऊ नका. जुनी बिलं शोधा, असतील तर दाखवा. नसतील तर "आमच्या माहितीप्रमाणे नाही" एवढंच म्हणा. पुढे कधी सर्व्हिसिंगला दिलंत तर जॉबशीटवर "पॉलिश करू नये" असं लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं आत बसलेल्या कारागिरापर्यंत पोहोचत नाही. काळ्या बेझलचा रंग उन्हाने उडाला असेल तर तोही बदलू देऊ नका. १६६१० चं बेझल-इन्सर्ट, म्हणजे बेझलवर बसवलेली आकड्यांची चकती, ॲल्युमिनियमचं असतं, आणि विटलेला मूळ तुकडा आवडणारे लोक आहेत.

मग विकण्याआधी करायचं काय? धुवायचं. ज्याला तुम्ही झीज समजताय त्यातलं निम्मं मळ असू शकतं. मुंबईच्या घामाने आणि साबणाने पट्ट्याच्या सांध्यांत काळा चिखल साचतो. पट्टा घड्याळवाल्याकडून काढून घ्या, स्वतः काढू नका. पिन काढताना हत्यार सटकलं की लगच्या आत नवा ओरखडा. पट्टा कोमट साबणपाण्यात भिजवा, मऊ टूथब्रशने घासा. केस फक्त ओल्या कपड्याने पुसा. ती ३०० मीटर खोल पाण्यात चालणारी म्हणून नळाखाली धरू नका, आतले रबर किती थकलेत ते वरून कळत नाही.

नंतर डबा, गॅरंटी कार्ड, बिल आणि पट्ट्यातून काढलेल्या कड्या शोधा. बाबांचं मनगट बारीक असेल तर दोन-तीन कड्या कुठल्यातरी फिल्मच्या डबीत नक्की असतील. पॉलिशने जे मिळणार नाही ते या कड्यांनी मिळतं, कारण जाड मनगटाचं गिऱ्हाईकही मग तुमचंच. फोटो खिडकीतल्या उजेडात काढा. खोच लपवू नका, उलट तिचा जवळून एक फोटो वेगळा टाका.

ज्वेलरला मात्र नाराज करू नका. फुकट म्हणतोच आहे, तर आईची चांदीची निरांजनं द्या बफ मारायला.