हरकत लिहायची ती व्याख्येवर

बंदुका आणि सुऱ्यांच्या विक्रीवर निर्बंध घालणारा मसुदा आलाय, तुम्ही नेमबाजी करता, हाताने सुऱ्याही घडवता, तर हरकतीत काय लिहावं असं तुम्ही विचारलंय. सोबत दिलेला खर्डा वाचला. पहिली दोन पानं 'हा आमच्या हक्कांवर घाला आहे' यातच गेलीत. ती काढून टाका. राग खोटा आहे असं नाही, पण हरकती वाचणारा माणूस अशी पत्रं 'विरोध' म्हणून मोजतो आणि बाजूला ठेवतो. कलम अमुक, अडचण अशी, त्याऐवजी हे शब्द घाला, असं लिहिलंत तर त्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

सरकारी मसुद्यातलं खरं दुखणं आहे 'टोकदार पातं असलेली कोणतीही वस्तू' या शब्दांत. यात शिंप्याची कात्री आली, छाटणीचा कोयता आला, भाजी चिरायची सुरीही आली. भारताच्या २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची हत्यारं धरली आहेत, पण घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली त्याच नोंदीत वगळली आहेत. तसा अपवाद मागा, आणि शब्द स्वतः लिहून द्या.

व्याख्या अरुंद झाली तरी पंचाईतच. ब्रिटनने २०१६ मध्ये 'झॉम्बी' सुऱ्यांवर, म्हणजे भीती वाटावी अशा घडवलेल्या मोठ्या सुऱ्यांवर, बंदी घातली, पण व्याख्येत पात्यावर किंवा मुठीवर हिंसा सुचवणारे शब्द वा चित्र असण्याची अट होती. चित्र नाही, तर बंदी नाही! ती पळवाट बुजवायला २०२४ उजाडलं. तेव्हा ८ इंचांहून लांब पातं आणि दातेरी धार, काटे वगैरे खुणा असं मोजता येणारं वर्णन आलं. बंदी २४ सप्टेंबरला लागू झाली. त्याआधी जवळपास चार आठवडे सुऱ्या जमा करून भरपाई मागायची सोय होती. तुमच्याकडे तयार माल पडून असेल, तर हा मुद्दा सोडू नका. खर्ड्यात तो कुठेच दिसला नाही.

नेमबाजीसाठी नमुना भारताच्या शस्त्र कायद्यातच आहे. बंदुकांच्या संख्येची मर्यादा मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला सरावाच्या पॉइंट २२ रायफलीसाठी किंवा एअर रायफलीसाठी लागू नाही. कोण, कुठलं हत्यार, कशासाठी, तिन्ही ठरलेलं. 'खेळाडूंना सूट द्या' एवढंच लिहिलंत तर उद्या जो तो खेळाडू. आणि आकडे हलतात, हेही लक्षात असू द्या: २०१९ च्या दुरुस्ती विधेयकात माणशी तीनऐवजी एकच बंदूक ठेवायची मुभा होती, मंजूर झाल्या दोन.

वय तपासून विकण्याच्या अटीला मात्र विरोध करू नका. तिथे तुम्ही हराल, आणि माझ्या मते हरायलाच हवं.

एक किरकोळ गोष्ट. मी एकदा मुदतीच्या शेवटच्या रात्री हरकत पाठवली, पोच आलीच नाही, आणि विचारायला कोणी शिल्लक नव्हतं. चार दिवस आधी पाठवा.