डावी मागची बाजू खाली का बसली?

प्रश्न : माझ्याकडे १९८४ ची पोर्श ९११ कॅरेरा ३.२ आहे. मागच्या वर्षी इंजिन उतरवून परत बसवलं. त्यानंतर लक्षात आलं की मागची डावी बाजू उजवीपेक्षा पाच सूत, म्हणजे १५-१६ मिमी खाली आहे. मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजलं. मेकॅनिक म्हणतात मागचे टॉर्शन बार (पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे लोखंडी दांडे) थकले, दोन्ही बदला. बदलू, की बारच्या टोकांचे दाते सरकवून डावी बाजू उचलून घेऊ?

उत्तर : सध्या दोन्ही नको. आधी पुढच्या दोन मडगार्डांची उंची मोजा. गाडीची बॉडी कडक असते. ती डावीकडे कललीच असेल तर पुढची डावी बाजूही खाली दिसायला हवी. पुढे दोन्हीकडे सारखं आणि मागे फक्त डावीकडे कमी, असं निघालं तर दोष बहुधा पत्र्यात आहे. चाळीस वर्षांच्या गाडीचं मडगार्ड एकदाही ठोकून सरळ केलं नसेल, असं मी कधीच गृहीत धरत नाही. म्हणून माप मडगार्डवरून घ्यायचंच नाही. टॉर्शन बारचा मध्य जमिनीपासून किती, चाकाचा मध्य किती, आणि त्यांतला फरक किती, हे दोन्ही बाजूंना मोजा. जमीन पाणसळीने तपासलेली, टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी भरलेली आणि ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाइतकी पोती.

मोजण्याआधी मागच्या अँटी-रोल बारची (वळणावर गाडीचं कलणं कमी करणारा, डावी-उजवी बाजू जोडणारा आडवा दांडा) एका बाजूची लिंक सोडा. इंजिन उतरवताना हा बार बहुतेक वेळा काढावा लागतो, आणि परत लावताना लिंक ओढूनताणून बसवली की बार पिळलेला राहतो व एक बाजू दाबून धरतो. लिंक सुटताच गाडी सरळ झाली, तर काम तिथेच संपलं.

फरक तसाच राहिला तर पुढचा भाग आडव्या बीमच्या बरोबर मध्यावर, लाकडाचा ठोकळा ठेवून, चाकं जेमतेम सुटतील इतकाच जॅकने उचला. आता पुढून गाडी एकाच बिंदूवर टेकली आहे, त्यामुळे कल ठरवतात ती फक्त मागची दोन चाकं. मागे सारखं झालं तर दोष पुढे आहे. पुढचा उजवा बार जास्त पिळलेला असला की गाडी डावीकडे कलते, आणि दिसताना मागची डावी बाजू बसल्यासारखी दिसते. पुढचा बार स्क्रूने खालीवर होतो, तेव्हा मागे हातही लावू नका.

ही चाचणी मी इतक्या आग्रहाने सांगतो, कारण एकदा ती न करता मी गाडी दिली होती. डावीकडे कललेली ९११, मी मागची डावी बाजू उचलून सरळ केली. दिसायला सुरेख. दोन दिवसांनी मालक परत आले : जोरात ब्रेक दाबला की पुढचं डावं चाक लॉक होतं. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवले, तर त्या चाकावर पुढच्या उजव्यापेक्षा चाळीस किलो कमी भार. सगळा भार मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकाच्या तिरक्या जोडीवर गेला होता. मूळ दोष पुढच्या उजव्या स्क्रूचा होता आणि मी त्यावर मागून दुसरी चूक चढवली. गाडी सरळ दिसणं आणि भार बरोबर वाटला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्रेक दाबताना उपयोगी पडते ती दुसरी.

आता दोष खरोखरच मागे निघाला तर. बार क्वचितच थकतो; बसतात ती स्प्रिंग प्लेटच्या (बारला चाकाच्या आर्मशी जोडणारी पट्टी) गोल मानेवरची रबरी बुशं. कव्हरचे चार बोल्ट काढले की दिसतं : रबर खालच्या बाजूला फुगून बाहेर आलेलं, वरच्या बाजूला कागदासारखं चपटं, कधी लोखंडावर लोखंड घासून चकाकलेलं. मान तेवढी वर सरकते आणि गाडी खाली येते. अशा बुशांवर दाते सरकवणं वाया जातं. आधी बुशं बदला. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला मी रबरीच घालतो. पॉलियुरेथेनची बुशं नीट घासून, ग्रीस भरून बसवली नाहीत तर कुरकुरतात.

कव्हर काढताना जपा. बार पिळलेला असतो आणि प्लेट खालच्या कडेवर दाबून टेकलेली असते. कडेवरून ती सुटली की जोरात खाली येते, बोट मध्ये असलं तर बोटच जातं. प्लेटखाली जॅक द्या आणि दोन बोल्टांच्या जागी लांब बोल्ट घालून कव्हर हळूहळू सोडा. ट्रेलिंग आर्म (चाक धरणारा आर्म) आणि प्लेट यांच्या जोडावर सुईने खूण करून ठेवा. बारच्या तोंडावर एल आणि आर असं कोरलेलं असतं. बाजू बदलू नका, कारण बार एकाच दिशेला पिळायला तयार केलेला असतो. त्याच्या रंगावर पान्याचा ओरखडाही पडू देऊ नका. ओरखड्यात गंज धरतो आणि बार तिथूनच तुटतो.

दात्यांचा हिशोब असा : आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता म्हणजे ९ अंश, बाहेर एक म्हणजे ८.१८ अंश. आत एक पुढे आणि बाहेर एक मागे केला की निव्वळ फरक ०.८२ अंशाचा. बारपासून चाकाच्या मध्यापर्यंत ४०० मिमी धरले तर चाकापाशी सहा मिमीच्या आसपास. तुमच्या गाडीच्या प्लेटला एक्सेंट्रिकही (फिरवून उंची थोडी बदलणारा बोल्ट) आहे, म्हणजे बारीक फरकासाठी दाते काढायची गरज नाही. तो मध्यावर ठेवून दाते बसवा, म्हणजे नंतर दोन्ही दिशांना जागा उरते. उंची वाढवली म्हणजे स्प्रिंग कडक झाली, हा समज मात्र सोडा. चाकावरचा भार तोच, म्हणून बार तेवढाच पिळतो. फक्त तो सुरू होण्याचा कोन बदलतो.

काम झाल्यावर मागून चारपाच वेळा दाबून थोडी गाडी चालवा आणि पुन्हा मोजा. जॅकवरून नुकतीच उतरलेली गाडी खोटी उंच दिसते. नंतर कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) तपासून घ्या, कारण ९११ च्या मागच्या आर्मवर उंचीबरोबर दोन्ही बदलतात.

प्रश्न : नवे शॉक ॲब्सॉर्बर टाकले तर मागची उंची वाढेल का?

उत्तर : गॅस भरलेले असतील तर दांडा बाहेर ढकलतात आणि काही मिमी उंची मिळते. साध्या तेलाच्या शॉकने नाही. उंचीसाठी शॉक बदलू नका. आधी बदललेत तर उंची मोजायचं काम त्यानंतर करा.